हाल धोरो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

सातवीत शाळा सुटली, आणि विशी ओलांडल्यावर माणदेशातून थेट कलकत्त्याला आलो, साठेकाकांकडे. काका बँकेत अधिकारी. बागबाजारच्या घरात त्यांनी मला पोटच्या पोरासारखं ठेवलं, आणि दोन-तीन महिन्यांतच हारानदांच्या लाँचवर कामाला लावून दिलं. उन्हाळ्यात साहेबलोक ती लाँच भाड्याने घ्यायचे – नदीचं मुख ओलांडून खोल समुद्रात गळ टाकायला. "आमचा पोरगा पाण्याला भीत नाही हो," काकांनी सांगून ठेवलेलं. मी विहिरीपलीकडे कुठल्या पाण्यात उतरलो नव्हतो. पण ज्यांच्या ताटात जेवलो, त्यांना खोटं कसं पाडणार?

लाँच हारानदा चालवायचे. सुकाणूला बंगालीत 'हाल' म्हणतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. मी हसलो – आमच्याकडे हाल म्हणजे हालअपेष्टा! तेही हसले होते.

वैशाखात काका मित्रांना घेऊन आले. दुपारी काकांच्या गळाला मोठी सुरमई लागली, आणि तेवढ्यात कालबैशाखीचं वादळ उठलं. गळाची दोरी लाँचच्या पंख्याकडे ओढली जाऊ लागली. हारानदा ती सोडवायला मागे धावले, धावता धावता ओरडले – "हाल धोरो!"

सुकाणू माझ्यापासून दोन पावलांवर होतं. दोन पावलं! मी खांबाला मिठी मारून बसलो. लाँच गर्रकन फिरली, दोरी त्यांच्या हाताला आवळली – उजव्या हाताची दोन बोटं गेली.

"अरे, धरलं का नाहीस?" काकांनी विचारलं.

"कळलंच नाही, काका. मला वाटलं, त्यांचे हाल होतायत म्हणून ओरडले."

इतकं झटकन कसं सुचलं? हातपाय गारठले होते, जीभ मात्र चालली.

पुढे त्याचा विनोद झाला. मराठी मंडळींच्या गणपतीत काका मला पुढे करायचे – "सांग रे तुझी हालाची गोष्ट!" मी सांगायचो. दर वर्षी जरा रंगवून. हो, रंगवूनसुद्धा.

पण त्याआधीचं एक राहिलंच. मी इस्पितळात गेलो होतो. माझा खुलासा काकांकडून हारानदांपर्यंत पोचला होता. पहिल्या दिवशीचं ते हसणं त्यांना आठवत नव्हतं का? की आठवत होतं? पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "गलती हमारा है, भाई. डर में अपना बोली निकल गया."

मी मान हलवली.

कामावर परतल्यावर ते माझ्याशी बंगालीत कधी बोलले नाहीत. सुकाणू द्यायचं असलं की जवळ येऊन, सावकाश – "पकड़ो." 'जोल' म्हणणंही त्यांनी सोडलं, माझ्याकडे 'पानी' मागायचे. तीन बोटांच्या हाताने पेला घ्यायचे. मी त्यांच्यासोबत होतो तोवर, असंच.

आणि मी "हाँ, दादा" म्हणत राहिलो.

शब्द मला कळला होता.