पाचवी वाटी

सुहास गेल्याचा फोन संध्याने, म्हणजे त्याच्या बायकोने, मंगळवारी सकाळी केला तेव्हा मी डार्टच्या लोकल गाडीत होतो. "ब्युमॉन्ट हॉस्पिटलमधून बोलतेय," एवढंच ती म्हणाली आणि पुढचं मला कळलं. "येतो," म्हणालो. मग ऑफिसात गेलो, साडेनऊची मीटिंग केली, कुणाच्या तरी प्रश्नाला नीट उत्तरही दिलं आणि त्यानंतर हॉस्पिटलला निघालो. हे अभिमानाने सांगत नाहीये. अशा वेळी काय करायचं ते मला सुचत नाही, म्हणून जे ठरलेलं असतं ते करत राहतो. आता त्याला सहा आठवडे झाले.

आम्ही मास्टर्ससाठी एकाच वर्षी या आयरिश शहरात आलो. तो नागपूरचा, मी पुण्याचा. दोन वर्षं एका भाड्याच्या घरात काढली. साधी खिचडी केली तरी तो हातात डाव घेऊन उभा राहायचा आणि माझ्या ताटाकडे बघत बसायचा. मला भूक असली तरी आधी ‘नको’ म्हणायची लहानपणापासूनची खोड, आणि त्याला ‘नको’ ऐकूच यायचं नाही. "घे ना बे, लाजतो काय?" म्हणेपर्यंत ताटात पडलेलंही असायचं. मी कुरकुरायचो आणि सगळं संपवायचो. असं आमचं बरं चाललं होतं.

पुढे दोघांना नोकऱ्या लागल्या, त्याचं लग्न झालं, इरा झाली. डून लेरीच्या एका गल्लीत आठ टेबलांचं एक पेरानाकन हॉटेल त्याने शोधून काढलं. मलाक्क्याला स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या घरांतलं हे जेवण... चिंच, नारळाचं दूध, वाटणं. मालकीणबाई मलाक्क्याच्या आणि नवरा इथला, त्यामुळे तिखटजाळ रेनडांगमध्ये, म्हणजे नारळाच्या दाटसर रश्शात, आयरिश मटण आणि शेजारी लोणी लावलेला सोडा ब्रेड. पहिल्या घासाला सुहास म्हणाला, "वाटण आहे रे! या बाईंनी पाट्यावर वाटलंय." पाट्यावर नव्हतं, मिक्सरमधलंच होतं, पण मी बोललो नाही. तिथे सगळं मधोमध ठेवतात आणि वाटून खातात. सुहाससाठी ती जागा जणू बांधूनच घेतलेली होती. सुरुवातीला पिठाच्या तळलेल्या कुरकुरीत, बोटभर उंचीच्या वाट्या यायच्या, आत परतलेला सलगम आणि कोळंबी. प्लेटमध्ये पाच. दोन त्याच्या, दोन माझ्या, आणि पाचवी मी ‘नको’ म्हणायच्या आत माझ्या ताटात.

तीन वर्षांपूर्वी मी ऑफिसच्या तिघांना तिथे घेऊन गेलो आणि सुहासलाही बोलावलं. माझी मॅनेजर कॉर्कची, मितभाषी बाई. त्याने तिच्या ताटात रेनडांग वाढलं. तिचं "आय'म ग्रँड, थँक्स" असं इथलं नम्र ‘नको’ म्हणून झाल्यावर आणखी एक चमचा वाढला. शेवटी तिने ताटावर हात आडवा धरला. ती हसत होती, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टेशनकडे चालताना मी त्याला सुनावलं, "माणूस नको म्हणाला की नको. आणि माझ्या ताटात तर यापुढे वाढूच नकोस." तो म्हणाला, "बरं."

मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. तो विसरला नाही. पुढच्या वेळी पाचव्या वाटीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "हवीय?" मी सवयीने म्हणालो, "नको." त्याने मान डोलावली आणि स्वतः खाल्ली. राग नव्हता, टोमणा नव्हता. गप्पा तशाच, चेष्टा तशीच. फक्त त्यानंतर तीन वर्षं त्याने माझ्या ताटात काही वाढलं नाही. मला ते फार लागलं. ‘वाढ रे, मी उगाच बोललो होतो’ एवढं एक वाक्य होतं. दर वेळी घरून ठरवून निघायचो आणि तिथे पोचल्यावर हवापाण्यावर बोलायचो.

त्याचा आजार कळल्यावर एकदा दुपारी आम्ही चौघं तिथे गेलो. सुहासची भूक मेली होती. त्याने अर्धी वाटी खाल्ली, संध्याने आणि इराने एकेक, मी एक. एक उरली. "हवीय?" त्याने विचारलं. त्याचा हात प्लेटजवळच होता. मला खरोखर हवी होती, आणि तोंडातून निघालं, "नको." मालकीणबाई प्लेट घेऊन गेल्या... त्यानंतर आम्ही बाहेर कुठे जेवलो नाही.

गेल्या रविवारी संध्याने जेवायला बोलावलं. वरण, भात, बटाट्याची भाजी. इरा जेवून वरच्या खोलीत गेली, तेव्हा मी संध्याला हे सगळं सांगून टाकलं.

"मला माहितेय," ती म्हणाली. "मी त्याला म्हटलं पण होतं, वाढून टाक ना, काय एवढं. तर म्हणाला, नाही, त्याला हवी असते, मला दिसतं ना. पण आता तो मागेल तेव्हाच. मागेल एक दिवस."

"शेवटपर्यंत म्हणायचा?"

"त्या दुपारी घरी आल्यावरसुद्धा म्हणाला. आज मागणारच होता, म्हणे."

मग तिने भाताचं पातेलं उचलून विचारलं, "अजून थोडा?" माझं पोट भरलं होतं. मी ताट पुढे केलं आणि म्हणालो, "वाढ."