मामा आज माझ्याशी हिंदीत बोलला

कॉलेजच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनो, हे बाहेर सांगू नका. मी दुपारी घरी आली. तेव्हापासून रडू येईल म्हणून वाट पाहून राह्यली, येतच नाही.

हैदराबादच्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेत माझी इंटर्नशिप चालू आहे, तुमाला माहीत आहे. आज साहेबांसोबत नेमकं आपल्या आदिलाबादलाच यावं लागलं. एक जिनिंग मिल विकायला निघाली आहे, ती पाहायला. कामगारांना विक्रीचं कळू द्यायचं नाही, अशी ताकीद होती.

त्या मिलमध्ये माझा सख्खा मामा कापसाची प्रत तपासतो. एरवी लांबूनच "जय भीम, पोरी" म्हणतो. आज माझ्या गळ्यातलं कार्ड अन् बाजूचे साहेब पाहून म्हणाला, "नमस्ते मॅडम." मला अडचण नको म्हणून. मग मीही ओळख दाखवली नाही.

साहेब म्हणाले, तू विचार.

"यहाँ कपास जाँचने में कितने लोग हैं?"

"छे जने हैं, मॅडम."

"मशीन आई तो कितनों में होगा?"

मामानं थोडा विचार केला. खोटं बोलणं त्याला जमत नाही. "दो जनों में हो जाता."

मी वहीत दोन लिहिलं.

आत्ता त्याचा फोन आला. "मी बराबर सांगतलं ना, पोरी? तुया कामात आलं ना?"

"आलं, मामा."

आता 'सहाच्या जागी दोन' अशी स्लाइड बनवून राह्यली. तुमी असते तर वहीत किती लिहिलं असतं?