काकांचा यांत्रिक हात

नववीत आम्ही तिघी मुलींनी विज्ञान प्रदर्शनासाठी यंत्रमानवाचा हात करायचं ठरवलं, आणि डोंबिवलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणारे एक काका मदतीला धावून आले. कळव्याला कारखान्यात नोकरी, विजेचं सगळं येत होतं, स्वभाव लोण्यासारखा. अशा माणसाविरुद्ध तक्रार तरी काय करणार?

त्यांची तळमजल्यावरची खोली अंधारी, म्हणून पहिल्या रविवारी त्यांनी माझ्या हातात टॉर्च दिला. दिवाळी गेली, नाताळ गेला, टॉर्च माझ्याच हातात. जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटारी त्यांनी बसवल्या, पत्रा त्यांनी कापला. मला एकच हवं होतं, एक तरी वायर मी स्वतः जोडावी. "भाजशील गं," एवढंच ते म्हणायचे. बाकी दोघींना पाठ करायला माहितीचा कागद मिळाला, त्या खूश. आईला सांगितलं तर म्हणाली, ते बिचारे सुट्टी मोडून राबतात आणि तुझं तोंड वाकडंच. तिचंही खरं होतं. त्या खोलीत माझा जीव मात्र गुदमरायचा.

एकदा ते चहाला उठले तेव्हा मी वायरींना डाग द्यायची सोल्डरगन घेतली आणि लाल वायर जोडून टाकली. डाग छान गोल, चकचकीत बसला. काकांनी येऊन चष्मा वर करून पाहिलं, "मस्त जमलंय" म्हणाले, आणि हसत हसत तो डाग वितळवून स्वतः नव्याने दिला.

कल्याणच्या प्रदर्शनात आमच्या यांत्रिक हाताने पहिला डबा उचलला आणि दुसऱ्याला तो अडला. परीक्षकबाईंनी झाकण उघडायला लावलं. आत लाल वायर सुटली होती.

"जोड की," त्या मला म्हणाल्या. "मी थांबते."

सोल्डरगन टेबलावरच होती, मी ती उचलली. मला इतका आनंद झाला की हात थरथरायला लागले. ते थरथरणं प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे उभ्या असलेल्या काकांना दिसलं. ते लगबगीने दोरीखालून आत आले.

"घाबरू नकोस, मी आहे ना," म्हणत त्यांनी माझ्या हातातली सोल्डरगन काढून घेतली आणि खिशातला टॉर्च मला दिला. मग वाकून काम करता करता बाईंना सांगू लागले, "सगळं हिनंच केलंय हो. फार हुशार पोरगी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टॉर्च धरला होता. बरोबर वायरीवर.