फिकट गुलाबी, लिही

आम्ही त्यांना फिकट सर म्हणायचो, आणि सर स्वतः तव्यासारखे काळेकुट्ट. अंगाने आडवे. दारातून आधी पोट यायचं आणि मागून सर. अकरावीत नव्याने आलेल्या मुलांना या नावाचा उलगडा पहिल्या टायट्रेशनपर्यंत व्हायचा नाही. टायट्रेशन म्हणजे खाली फ्लास्कमध्ये ॲसिड, वर ब्युरेटच्या उभ्या नळीत अल्कली, आणि तिची तोटी किलकिली करून थेंब थेंब सोडत बसायचं. ॲसिड संपलं की एका थेंबासरशी फ्लास्कातल्या बिनरंगी द्रावणाला गुलाबी छटा येते. तिथे थांबायचं आणि रीडिंग लिहायचं. "फिकट गुलाबी!" सर गरजायचे. "लग्नातल्या फेट्याचा गुलाबी नको मला. आहे की नाही असा संशय आला पाहिजे."

लॅबमध्ये त्यांचा एकच कायदा होता. फ्लास्क त्यांनी डोळ्यांनी बघितल्याशिवाय जर्नलमध्ये रीडिंग लिहायचं नाही. तीनदा टायट्रेशन करायचं आणि निदान दोन रीडिंगं जुळली पाहिजेत. इतर कॉलेजांतली आमची मित्रमंडळी मागच्या वर्षीच्या जर्नलवरून आकडे उतरवून पंधरा मिनिटांत मोकळी व्हायची. आम्ही मात्र उन्हं उतरेपर्यंत उभे. कोणी जरासा गडद फ्लास्क नेला की सर तो नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, "एक थेंब जास्त म्हणजे थाप. ओत, परत कर." मग छटा जमली की स्वतःलाच बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा व्हायचा त्यांचा. "वा! फिकट गुलाबी. लिही!"

आणि हे सगळं पाण्याच्या त्या दिवसांत. नव्वदीतली वसई-विरारची ती वर्षं ज्यांनी काढली त्यांना पाण्याचं सांगायला नको. सोसायट्यांत टँकर आला की जिन्यावर बादल्यांची रांग लागायची. लॅबच्या नळाला बोअरिंगचं मचूळ पाणी, तेही आलं तर. लॅबचे शिपाई मामा मिठागराकडच्या गावातले. ते दारात उभे राहून सांगायचे, "सर, टाकीत पानी नाय. आज भांडी कशी धुवाची?" सर आपल्या गावाहून, नंदाखालहून, स्कूटरच्या पायाशी दोन कॅन अडकवून घरच्या विहिरीचं पाणी आणायचे. भांडी त्या पाण्याने धुवायची आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरचा एक हात फिरवायचा. कॅनचं बूच सर स्वतः उघडायचे, इतका त्यांचा त्यावर जीव.

पुढे क्लासेसचं पेव फुटलं. दुपारी तीननंतर अर्धा वर्ग विरारच्या क्लासला पळायचा आणि लेक्चरला पुढचे दोन बाक उरायचे. सरांनी कुणाला अडवलं नाही. फक्त एकदा दारात एका मुलाला विचारलं, "क्लासमध्ये ब्युरेट आहे का रे?" तो म्हणाला, "नाही सर, पण नोट्स आहेत." सर हसले. खूप हसले. त्यानंतर मात्र ते लेक्चरपेक्षा प्रॅक्टिकललाच अधिक जपू लागले, कारण तेवढं एक क्लासवाल्यांना नेता येत नव्हतं.

माझ्या बारावीच्या वर्षी सर स्कूटर सोडून एस.टी.ने येऊ लागले. फळ्यावर लिहिताना ओळी एकमेकींवर चढू लागल्या. आम्हाला वाटलं, वय झालं. मला तर तेवढंही वाटलं नाही. मला साडेचारचा क्लास गाठायचा असायचा.

अशाच घाईत एकदा मी इंडिकेटर घालायला विसरले. फ्लास्कमध्ये त्याचे दोन थेंब आधी टाकावे लागतात, नाहीतर जन्मभर अल्कली सोडत बसा, रंग काही येत नाही. अर्धी ब्युरेट रिकामी झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. फ्लास्क ओतून टाकायला निघाले तोच सर समोर आले, त्यांनी तो हातातून घेतला, खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "वा! फिकट गुलाबी. लिही!"

फ्लास्कात नितळ पाण्यासारखं द्रावण. मी सरांकडे बघितलं. ते माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघून हसत होते.

"सर, रंग आलेला नाही." एवढं वाक्य म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. रीडिंग लिहिलं, सही घेतली, आणि संध्याकाळी क्लासमध्ये शेजारच्या मुलीला हसत हसत सगळं सांगितलं. इतकी वर्षं झाली, त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

आठ दिवसांत अख्ख्या बॅचला कळलं. मग कोण कशाला थेंब मोजत बसतंय? फ्लास्कमध्ये सरळ पाणी भरायचं, सरांपुढे धरायचं, सही घ्यायची, आणि आकडे जुन्या जर्नलमधून. कोणी तर सरांनी नंदाखालहून आणलेल्या पाण्याचाच फ्लास्क त्यांच्यापुढे धरायचा. "फिकट गुलाबी. लिही," सर म्हणायचे आणि मागे मुलं तोंडात रुमाल कोंबायची. मामांनी एकदा आम्हाला कॅनपाशी पकडलं. "सरांना पानी दाखवताव काय रे? मानूस हाय तो!" आम्ही पांगलो. सर कधी ओरडले नाहीत, म्हणून आम्ही समजलो की मामांनी तोंड उघडलं नाही.

दोन महिने असे गेले आणि बोर्डाचं प्रॅक्टिकल आलं. बाहेरचे परीक्षक तरुण होते, स्वभावाने बरे वाटले. आता टायट्रेशन खरंच करायचं होतं आणि माझ्या हाताची सवय साफ गेली होती. तोटी जास्त फिरली, फ्लास्कमधलं द्रावण बिटाच्या रसासारखं झालं. परत करायचं तर वेळ नव्हता. मी तशीच घाम पुसत उभी होते. सर बाकांमधून हळूहळू येत होते. माझ्यापाशी थांबून त्यांनी फ्लास्क उचलला.

"छान. फिकट गुलाबी. लिही."

परीक्षक त्यांच्या मागेच होते. त्यांनी फ्लास्ककडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि फार हळू आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही बसा. बाकीचं मी बघतो." सर स्टुलावर जाऊन बसले. परीक्षा संपेपर्यंत त्यांनी हात मांडीवर ठेवले होते. मामांनी आणलेला चहा तसाच राहिला.

मार्क सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले. सरांकडून प्रॅक्टिकल काढून घेतलं आणि जूनमध्ये त्यांनी नोकरी सोडली. निरोप समारंभ झाल्याचं मी ऐकलं नाही.

मी बी.एस्सी. करून सातिवलीच्या एका लहानशा कारखान्यात केमिस्ट झाले. मालाची गाडी दारात उभी असते आणि मालक म्हणतो, "मॅडम, रिपोर्ट द्या लवकर." मी देते. किती वेळा तपासून देते, ते विचारू नका.

तिथल्याच एका नंदाखालच्या कामगाराकडून कळलं की सरांना आता काहीच दिसत नाही. एका रविवारी गेले. नारळीच्या वाडीत कौलारू घर, ओटीवर सर खुर्चीत. पोट उतरलं होतं. मी म्हटलं, "सर, मी तुमची विद्यार्थिनी."

"बस, बस. कोणी येत नाही गं इकडे." मग बराच वेळ कॉलेजच्या गोष्टी झाल्या. मामा वारल्याचं त्यांनीच मला सांगितलं.

"शेवटच्या बॅचने पाण्याचे फ्लास्क दाखवले मला," ते एकदम म्हणाले. "मामाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत, सर?"

"काय बोलणार? डोळे गेले म्हणून सांगितलं असतं तर लॅब गेली असती. मीही थापच मारत होतो की." मग म्हणाले, "रोज वाटायचं, आज एखादं पोर म्हणेल, सर, रंग आला नाही. एवढं ऐकलं असतं ना, तर त्याच दिवशी आपण होऊन सगळं सांगितलं असतं. चाळीस पोरं होती. एकही बोललं नाही."

मी सगळं सांगायलाच गेले होते तिथे. खरंच त्यासाठीच गेले होते.

"तू कितव्या बॅचची?" सरांनी विचारलं.

मी दोन वर्षं आधीची बॅच सांगितली.

"हां, ती पोरं चांगली होती," सर म्हणाले, आणि आत हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.