डाव्या बाजूचा मासा

लेकीच्या डाव्या कानाच्या पाळीला एक बारीकशी चीर पडली होती आणि आईच्या डोक्यातून ती काही केल्या जात नव्हती.

चीर तशी मोठी नव्हती. मलम लावलं की दोन दिवसांत दिसेनाशी झाली असती. पण जी मुलगी इतकी वर्षं दुसऱ्यांना गळ टाकायला शिकवते, तिच्याच कानाला गळ लागतो कसा? विचारलं तेव्हा लेक म्हणाली, "वारा होता गं," आणि तिने टोपी कानावर ओढून घेतली. घरात, पंख्याखाली, टोपी. आईने कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं होतं. त्यातलं आता काही आठवत नसलं, तरी घरात टोपी घालून बसणाऱ्या माणसाला काहीतरी झाकायचं असतं, एवढं कळायला कॉलेज लागत नाही.

लेकीचा धंदा लोकांना सांगताना आईची नेहमी पंचाईत होई. "मासे पकडते," म्हटलं की लोक विचारत, "काय भाव?" आणि भाव काही नसे, कारण पकडलेला मासा लेक परत पाण्यात सोडून देई. धक्क्यापासून खाडीच्या तोंडाबाहेर गेलं की लांबच लांब सपाट वाळू होती. भरतीला तिच्यावर गुडघाभर, फार तर मांडीभर पाणी चढे आणि त्या पाण्याबरोबर मोठे मासे चरायला येत, गुरं कुरणात यावीत तसे. ते गळाला लावायची हौस असलेली माणसं कुठून कुठून येत आणि लेक त्यांना चपट्या तळाच्या होडीतून तिथे नेई. पोचल्यावर इंजिन बंद. गिऱ्हाईक पुढे नाळेवर, होडीच्या टोकाशी उभं, हातात गळाची काठी. लेक मागच्या उंच फळीवर उभी, हातात दोन पुरुष लांब बांबू. त्याने तळाला रेटा देत होडी पुढे सरकवायची, पाण्याला कळू न देता. आणि बघायचं. सगळा धंदा त्या बघण्याचा. गिऱ्हाइकाला दिसतं नुसतं चकाकणारं पाणी. लेकीला त्यात वाळूवरून सरकणारी सावली दिसते.

"सोडायचाच तर पकडायचा कशाला?" असं बाबांनी पहिल्या वर्षी विचारलं होतं. बाबा जन्मभर बसचे ड्रायव्हर. लेक म्हणाली, "तुम्ही नाही का, माणसं चढवायचात आणि पुढच्या स्टॉपवर सोडायचात?"

नजर पोरीला जन्मापासूनची. लहान असताना गॅलरीत उभी राहून, लांबच्या वळणावर बस दिसली की ती बाबांची की दुसऱ्या कुणाची, हे ती नंबर दिसायच्या आधी सांगायची. पुढे बी.कॉम. झाली, विम्याच्या ऑफिसात चिकटली. ऑफिसला खिडकी नव्हती. "आई, तिथली सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे समोरची भिंत," असं म्हणाली आणि एके दिवशी राजीनामा देऊन धक्क्यावर गेली ती बगळ्याकडे.

बगळा हा तिथला सगळ्यात जुना गाइड. अंगाने काटकुळा, एका पायावर भार देऊन तासन्‌तास उभा राही, म्हणून बगळा. त्याने सुरुवातीला तिला बांबूला हातसुद्धा लावू दिला नाही. नुसतं आपल्या पायाशी बसवायचा आणि म्हणायचा, "काय दिसतं ते सांग." ती सांगत गेली आणि एका दुपारी त्याला न दिसलेला मासा तिने दाखवला. त्या दिवसापासून धक्क्यावर तिचं नाव घार. आता बगळ्याचे गुडघे गेले होते. होडी त्याची, गिऱ्हाइकांचे फोन त्याच्याकडे येत, आणि चालवायची घारीने. ती धक्क्याजवळच एका खोलीत राही आणि रविवारी जेवायला घरी येई.

चीर दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी आई लेकीचा विसरलेला डबा द्यायला धक्क्यावर गेली. डबा लेक विसरली नव्हती. आईनेच लपवून ठेवला होता.

होडी नुकतीच लागली होती. लेक पाण्याची नळी घेऊन ती धूत होती. तिचे नेहमीचे गिऱ्हाईक, दातांचे डॉक्टर, बाकावर बसून ओले बूट ओढून काढत होते.

"वहिनी, तुमच्या मुलीच्या घड्याळाचं काहीतरी करा," ते म्हणाले. "हल्ली त्यात नऊ आणि दहा वाजतच नाहीत."

आईला कळेना. मग डॉक्टरांनी हात पसरून समजावलं. होडीचं पुढचं टोक म्हणजे बारा. उजवा हात तीन, डावा हात नऊ. मासा दिसला की गाइडने मागून हळू सांगायचं, दहा वाजता, चाळीस फूट. गिऱ्हाइकाने तिकडे गळ टाकायचा.

"मी उजव्या हाताचा माणूस. मला मासा डावीकडे हवा. उजवीकडे असला तर फेकायच्या आधी मागे झुलवलेली दोरी होडीवरून जाते, म्हणजे गळ गाइडच्या डोक्यावरून. हे मला शिकवलं कुणी? तिनेच. आणि आता बघावं तर एक वाजता, दोन वाजता, तीन वाजता. होडीसुद्धा तशीच फिरवून धरते. मी म्हटलं, बाई गं, डावीकडचे मासे संपावर आहेत का? शेवटी घातलाच ना गळ तिच्या कानात. बरं, मी ओरडलो, तरी तिने मान बाजूला घेतली नाही."

डॉक्टर हसले, म्हणून आईही हसली. डबा तिच्याच हातात राहिला. तो घेऊन ती घरी परतली.

आठवडाभर तिला एका जागी बसवेना. इस्त्री करायला घेई, मधेच सोडून गॅलरीत जाई, गॅलरीतून पुन्हा आत. पुसलेला ओटा परत पुसला. बाबा म्हणाले, "अगं, झिजेल तो."

रविवारी लेक आली तेव्हा आईने पाळत ठेवूनच बघितलं. आत येताना लेकीचा डावा खांदा दाराच्या चौकटीला घासला. जेवायला बसताना तिने नेहमीची खुर्ची सोडली आणि भिंत डाव्या हाताला येईल अशी बसली. जेवून ती बेसिनशी गेली, तेव्हा आई टॉवेल घेऊन तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, अगदी हाताच्या अंतरावर. लेक ओले हात झटकत आरशात बघत म्हणाली, "आई, टॉवेल कुठंय?"

"हा काय," आई म्हणाली. लेक दचकली आणि मग उगाच मोठ्याने हसली.

ती गेल्यावर बाबा बराच वेळ पेपराची घडी घालत बसले. म्हणाले, "गाडी चालवताना माझी डावी बाजू कंडक्टर सांभाळायचा. हिची कोण सांभाळतं?"

म्हणजे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

आईने लेकीला फोन केला आणि म्हणाली, मला एकदा होडीतून ने.

"तू? तुला बादलीतल्या पाण्याची भीती."

"म्हणूनच. मरायच्या आधी जाऊ दे एकदा ती भीती."

"मरायच्या गोष्टी कशाला? मंगळवारी गिऱ्हाईक नाही. टोपी आण. आणि डबा आण, तो खरंच राहिला तुझ्याकडे."

मंगळवारी आई होडीच्या मध्यावर, बर्फाच्या पेटीवर बसली. दोन्ही हातांनी पेटीच्या कडा धरल्या होत्या. धक्क्यापासून बाहेर जायची वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना खुणेचे खांब. इंजिन चालू होतं. लेक एका हाताने सुकाणू धरून सांगत होती, त्या खांबावर कुठला पक्षी बसतो, बगळेकाका त्याला काय शिव्या देतात. आणि डावीकडून, खांबांच्या पलीकडून, वल्ही मारत एक निमुळती छोटी होडी सरळ वाटेत येत होती. आत दोन माणसं, दोघांचं लक्ष एकमेकांत.

आईला वाटलं, हिला दिसत असेल. आता इंजिन हळू करेल. आता करेल.

लेक पक्ष्याचं सांगत होती.

"डावीकडे," आई ओरडली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. लेकीने सुकाणू ओढलं, होडी कलली, आई पेटीवरून घसरून तळात बसली. छोटी होडी चार हातांच्या अंतरावरून हिंदकळत गेली. त्यातल्या माणसाने काहीतरी सुनावलं. लेकीने हात वर करून माफी मागितली. उथळ पाण्यावर पोचल्यावर लेकीने इंजिन बंद केलं आणि बांबू वाळूत रोवून त्याला होडी बांधली.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"काय कधीपासून?"

"मला शिकवू नकोस."

लेकीने टोपी काढली. केस चिकटले होते. "झाले थोडे दिवस. आधी डोळ्यात काजवे चमकायचे. म्हटलं, उन्हाने असेल. मग कडेला काळं दिसायला लागलं. पडदा ओढल्यासारखं."

पडदा. आईच्या थोरल्या भावाने हाच शब्द वापरला होता. तो म्हणाला होता, पोरीचं लग्न होऊ दे, मग दाखवतो. लग्न थाटात झालं. नंतर डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. त्यानंतर मामा एकाच डोळ्याने लग्नाचा अल्बम बघत असे.

"मामाचं ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे म्हणूनच नाही सांगितलं. तू लगेच असा चेहरा केला असतास. हा, असाच."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"सीझन संपला की."

"बगळ्याला?"

"आई, काकांना अजिबात सांगायचं नाही. होडी दुसऱ्याला देतील ते. आंधळी घार कोण ठेवतं? मला दुसरं काही येत नाही आणि त्या भिंतीसमोर मी परत बसणार नाही. थोडेच दिवस राहिलेत. आधी अगदी कडेला होता पडदा. आता जरा पुढे आलाय, पण चालतं. मी होडी फिरवून घेते."

आई उठून परत पेटीवर बसली. तो लेकीला होकार वाटला असावा, कारण तिने टोपी घातली, बांबू उपटला आणि फळीवर चढली. "चल, आलीयेस तर एक मासा बघ."

होडी निघाली. खरोखरच काही आवाज होत नव्हता. पाण्याखालची वाळू पायाशी असल्यासारखी स्वच्छ दिसत होती, तिच्यावरच्या बारीक लाटांच्या रेघांसकट. आईला सुंदर वगैरे वाटायला हवं होतं. ती मात्र डावीकडे बघत होती. वळून लेकीकडे, परत डावीकडे. आणि मग डावीकडे वाळूचाच एक तुकडा हलला. लांबट, राखी, दमादमाने चालल्यासारखा.

"नऊ वाजता," आई कुजबुजली.

लेकीने होडी वळवली, डोळे बारीक केले आणि तिला दिसला. "अगं बाई. केवढा आहे. आई, तुझा पहिला मासा." ती लहानपणी बस ओळखल्यावर हसायची तशी हसली. "बघ, तुला जमतं. तूच येत जा रोज. बस या पेटीवर आणि नऊ-दहा तू सांभाळ, बाकीचं मी. गिऱ्हाइकांना सांगू, आईला हवापालट हवाय."

थट्टाच होती ती. पण आईने क्षणभर खरोखर विचार केला. टोपी आहे, डबा आहे, गुडघे अजून चांगले आहेत. रोज यायला काय हरकत आहे? मासा सावकाश खोल पाण्याकडे निघून गेला आणि तो जाईपर्यंत आई हाच हिशेब मांडत होती.

घरी येईपर्यंत तो हिशेब फिसकटला. पेटीवर बसून आई माशांपुरती डावी बाजू सांभाळेल. पडदा रोज जरा पुढे येईल, त्याचं काय?

तिने कपडे वाळत घातले, वाळायच्या आधीच हात लावून पाहिले. बाबा खुर्चीतून बघत होते.

"उद्या कोण आहे तिच्या होडीत?" त्यांनी विचारलं.

"एक कुटुंब आहे म्हणे. दोन मुलं."

"मग बगळ्याला फोन कर."

"तिच्या पाठीमागे? जन्मात बोलणार नाही माझ्याशी."

"डोळा राहिला तर भांडेल तरी डोळे वटारून," बाबा म्हणाले आणि त्यांनाच ते बोलल्याचं वाईट वाटलं. उठून ते पाणी प्यायले.

आई दोनदा गॅलरीपर्यंत गेली. बगळ्याला सांगितलं तर लेक म्हणेल, तू चुगली केलीस, आणि ते खरंच असेल. नाही सांगितलं तर लेक काहीच म्हणणार नाही, सीझन संपेपर्यंत. मामानेही कुणाला काही म्हटलं नव्हतं. लग्नात सगळ्यांना हसून वाढत होता.

लपवालपवी नको, तिने ठरवलं. टोपी कानावर ओढून एकीने पाहिली, डबा लपवून दुसरीने. आता सरळ लेकीलाच सांगायचं: डोळ्यांच्या डॉक्टरची उद्या सकाळची वेळ मी घेते आहे. उद्याची होडी तू नेणार नाहीस. बगळ्याला आज कुणीतरी कळवणार, तू कळवलंस तर बरं. मी चहा ठेवते. चहा पिऊन होईपर्यंत तुझा फोन त्याला गेला नाही, तर माझा जाईल. मग भांडायला ये, डावीकडून ये की उजवीकडून.

शेवटचं वाक्य तिने मनातल्या मनात गाळून टाकलं. मग परत घातलं. लेक हसली तर निदान फोन ठेवणार नाही.

तिने चष्मा लावला आणि लेकीचा नंबर काढला. बाबांनी उठून टीव्हीचा आवाज बंद केला आणि ते चहाचं आधण ठेवायला आत गेले.