राजा आला की उभं राहायचं

उमाटे सरांच्या वर्गात एक राजा येत असे, आणि तो आला की आम्ही सगळे उभे राहत असू. राजा खोटा होता, सरांनीच रचलेला. शनिवारची सकाळची शाळा. शेवटच्या तासाला पोरांच्या पोटात कावळे ओरडायचे, डोळे मिटायला लागायचे. त्यावर सरांनी हा उपाय काढला होता. गोष्ट सांगता सांगता ते एकदम आवाज चढवत, "अन् तेवढ्यात राजा मेघपाल आला!" की सगळा वर्ग खडखडत उभा. राजा निघून गेला की सर म्हणत, "बसा." त्यांनी "बसा" म्हटल्याशिवाय कुणी बसायचं नाही, हा नियम. एकदा सर कुणाशी तरी बोलायला बाहेर गेले आणि राजाला दरबारातच विसरले. पंधरा मिनिटं आम्ही उभे. परत आल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला, "अरे बाप्पा, राजा अजून गेलाच नाई का? बसा रे, बसा!"

आमचं गाव हिंगणघाटहून गिरडला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. ज्या शाळेत शिकलो त्याच शाळेत मी आता शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, फोटो काढतो, माहिती भरतो, कधी मतदार याद्या घेऊन दारोदार फिरतो आणि उरलेल्या वेळात शिकवतो. दमलो आहे मी, आधीच सांगून टाकतो. सरांबद्दल लिहायचं गेलं वर्षभर पुढे ढकलतो आहे. पण सगळ्या गावात ही गोष्ट पुरती ठाऊक असलेली माणसं आता दोनच, आणि दुसरा लिहिणारा नव्हे.

सर उंच, काटकुळे. पांढरा शर्ट, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पॅंटच्या उजव्या पायाला चिमटा, आणि तोंडात लवंग. तो चिमटा ते दिवसभर काढायचे विसरत. शिकवायचे गणित. गणितात चुकलं तर रागावत नसत, पण उत्तर दुसऱ्याचं पाहून लिहिलं तर फार वाईट वाटायचं त्यांना. "तुहं चुकलेलं चालते मले, पण तुहं पाहिजे," म्हणायचे. काही विचारलं की आधी लवंग या गालातून त्या गालात जायची, मग उत्तर यायचं.

मेघपाल निळागडचा राजा. त्याच्याकडे बोलणारं तळं होतं, ढगावर चालणारा घोडा होता. प्रजेवर इतकी माया, की कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर त्याच्या मुकुटातला मणी काळा पडायचा. जून ते जानेवारी आम्ही त्याच्यावर जीव टाकला. मग एका शनिवारी सरांनी धुकं आणलं. ते ज्याला शिवेल त्याचा दगड व्हायचा. दरीपलीकडून ते पुलाकडे सरकायला लागलं. पलीकडे कुंभारांची वस्ती, आणि त्या वस्तीत मेघपालाला अंगावर पाजून वाढवणारी त्याची दाई. माणसं पुलाकडे धावत होती. राजाने तलवार काढली आणि पुलाचे दोर स्वतःच्या हाताने तोडले. निळागड वाचला. "पुढचं पुढल्या शनवारी," म्हणून सर डस्टर उचलून निघून गेले. आठवडाभर आम्हाला दुसरं काही सुचलं नाही.

पुढच्या शनिवारी सर नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "अन् तेवढ्यात राजा मेघपाल दरबारात आला."

अर्धा वर्ग उभा राहिला. अर्धा बसून. मी बसलेल्यात होतो. माझ्या शेजारचा सुखदेव सगळ्यात आधी उठला होता, आणि माझी कॉलर धरून मला ओढायला लागला. "ऊठ बे! सारा गड वाचवला त्यानं. एका म्हातारीसाठी का सारे दगड होतीन?"

"तिचं दूध पिला अन् तिलेच सोडलं," मी म्हणालो. "मी नाई उठत."

जुंपलीच आमची. सर शांतपणे मध्ये आले, सुखदेवचा हात माझ्या कॉलरवरून सोडवला. "उभ्यानं बसलेल्याले ओढायचं नाई. बसलेल्यानं उभ्याले खाली खेचायचं नाई. ज्याचं त्यानं ठरवाचं, अन् ठरवलं का तसंच राह्याचं." मग आम्ही सरांनाच धरलं: सर, तुम्ही सांगा, राजाला मान द्यायचा का नाही? लवंग या गालातून त्या गालात गेली. "मले ठाऊक अस्तं तं मी मास्तर काऊन झालो अस्तो?" तेव्हापासून मला त्यांनी 'बसक्या' नाव ठेवलं. मी नोकरीला लागून त्यांच्याच हाताखाली आलो, तरी वर्गाबाहेर बसक्याच. दरवर्षी नव्या सातवीला ते मेघपाल सांगत, दरवर्षी वर्ग अर्धा उठे, अर्धा बसे, आणि कोण कुठल्या बाजूला होतं हे सरांना वर्षानुवर्षं लक्षात राहायचं. बाजारात भाजी घेताना एखाद्या बाप्याला म्हणत, "तू तं उभा होता न बे?"

सुखदेवची आई गयाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची असा नियम आहे. सर मुख्याध्यापक झाले तरी ते काम त्यांनी दुसऱ्याला दिलं नाही. रोज चुलीजवळ तळहात पुढे करून उभे राहत. "गयाबाई, आज हात सैल सुटला मिठाचा." त्यावर ती, "गुर्जी, तुमची जीभच लवंगीनं जळली हाय, तुमाले का समजते!" पंधरा वर्षं हे चालू होतं. सरांना घरी करून घालणारं कुणी उरलं नव्हतं. दुपारचं त्यांचं जेवण तेच. सुखदेव हैदराबादकडे कामाला गेला, आणि एका हिवाळ्यात गयाबाई त्याच्याकडे राहायला गेली.

मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं. गावोगावच्या लोकांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, आम्हीही टाकल्या, वर बैलगाडी आडवी लावली. गावाची समिती झाली, तिचे अध्यक्ष उमाटे सर. दुसऱ्या कुणाचं गावाने ऐकलंच नसतं. शिक्षक म्हणून माझी नाक्यावर ड्यूटी होती. बाहेरून येईल त्याचं नाव लिहायचं, कपाळाला ते ताप मोजायचं यंत्र लावायचं.

मे महिना, सकाळचे अकरा. सुखदेव आणि गयाबाई आले. महामार्गाने हिंगणघाटपर्यंत ट्रकने, तिथून पायी. यंत्राने गयाबाईचा ताप दाखवला. तिला खोकलाही होता.

"सर, मायले घरी नेऊ द्या," सुखदेव म्हणाला. "दार लावून बसतो. चौदा दिवस बाहेर निघतच नाई. आईची आन."

"गावात म्हातारे हायेत, लेकुरवाळ्या हायेत," सर म्हणाले. "नाई जाऊ देता येत रे."

"मंग शाळेत ठेवा!"

शाळा गावाच्या मधोमध, भिंतीला भिंत लागून अंगणवाडी. मागे जमलेली माणसं ओरडायला लागली, शाळेत नाही, शाळेत नाही. सरांनी एकदा खिशावर हात ठेवला. मला दिसलं ते. मग हात काढून घेतला आणि नाक्याबाहेरच्या शेतातल्या टिनाच्या शेडकडे बोट दाखवलं. "तिथं राहा. पाणी, जेवण मी आणतो. दवाखान्यात फोन लावतो."

सुखदेवने शिव्या दिल्या. गयाबाईनेच त्याला गप्प केलं. "गुर्जीले काऊन बोलून राह्यला? ते म्हनतेत तं राहू इथं. चाल, मले बसू दे पहिले."

त्या वेळी मी काय केलं? काही नाही. वही घेऊन सरांच्या शेजारी उभा होतो. सातवीत बसून राहणारा मी, त्या दिवशी उभा होतो. गयाबाईच्या हातचं मीही खाल्लं होतं.

सर दोन्ही वेळा स्वतः डबा आणि पाण्याचा माठ घेऊन गेले, लांबवर ठेवून मागे सरकले. फोनवर फोन लावले. तेव्हा सगळीकडेच ओढाताण होती, दवाखान्याची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. त्याच्या घटकाभर आधी गयाबाई गेली. विदर्भातलं मेचं ऊन आणि वर तापलेला टिन. शेडमध्ये हात लावाल तिथे चटका. चार दिवसांनी मायलेकांचे रिपोर्ट आले, दोन्ही निगेटिव्ह. तिला ऊन लागलं होतं, बाकी काही नव्हतं.

गावात त्या उन्हाळ्यात एकही जण आजारी पडला नाही. लोक म्हणाले, सरांनी गाव वाचवलं. सर पारापाशी आले की बसलेली माणसं उठून उभी राहायला लागली. पूर्वीही नमस्कार करायचे, पण हे निराळंच. सरांनी त्या रस्त्याने जायचंच सोडलं, मागच्या गल्लीतून सायकल काढायचे. पंधरा ऑगस्टला शाल-नारळ द्यायचं ठरलं तेव्हा ते घरातून बाहेरच आले नाहीत. सुखदेव हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये लागला. गावात येई, पण सरांच्या घरासमोरून जाताना मान दुसरीकडे.

मी एकदा धीर करून म्हणालो, "सर, दुसरं काय करता आलं असतं तुम्हाला?"

त्यांनी सायकल थांबवली. या वेळी लवंग हलली नाही. "बसक्या, राजाजवळ एकच पूल होता. तोडाचा नाई तं ठेवाचा. माह्या खिशात शाळेची किल्ली होती. खोल्या चार होत्या. लोकं ओरडले अस्ते, दोन दिवस तोंड पाह्यलं नसतं माहं. मी त्या ओरडण्याले भेलो रे."

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. त्यांचा, गावाचा, माझा स्वतःचा. "किल्ली मागायला मी तरी कुठे तोंड उघडलं?" एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सायकल धरून चालायला लागले.

टाळेबंदीनंतर शाळा पुन्हा सुरू झाली तोवर सर निवृत्त झाले होते, तरी मी त्यांना शनिवारी बोलावून आणलं. जानेवारीत गोष्ट पुलापर्यंत आली. दोर तुटले. पुढच्या शनिवारी सर म्हणाले, "अन् तेवढ्यात राजा मेघपाल दरबारात आला." काही पोरं उठली, काही बसून राहिली. इतकी वर्षं गोष्ट सांगताना सर स्वतः उभेच असायचे, शिक्षक म्हणून. त्यामुळे त्यांचं मत कधी कुणाला कळलं नाही. त्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही काऊन बसले?"

"पाय दुखून राह्यले, बाई."

मी दारात उभा होतो. मेघपाल त्यांनी त्यानंतर सांगितला नाही.

गेल्या वर्षी थंडीत सर गेले. दोन दिवस अंगात कणकण होती, तिसऱ्या दिवशी सकाळी उठले नाहीत. शाळेच्या पटांगणात शोकसभा ठेवली. सतरंज्या भरल्या, भाषणं झाली. सगळ्यांनी गाव वाचवल्याचं सांगितलं, टिनाच्या शेडचं कुणीच नाही. भाषणं सुरू असताना सुखदेव आला. सरळ कामावरून आलेला, डोक्यावर-शर्टावर कापसाचे तंतू. तो पुढच्या सतरंजीवर येऊन बसला.

सरपंच म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून सरांना श्रद्धांजली वाहू." सगळं पटांगण उठलं. सुखदेव बसून राहिला, समोर फोटोकडे बघत. सरपंचांनी मला कोपर मारलं. "उठवा न त्याले. बरं दिसत नाई."

"नाही," मी म्हणालो. "ओढायचं नाही. सरांचा नियम आहे."

दोन मिनिटं संपली. लोक खाली बसले, चपलांकडे बघायला लागले, मागे चहाच्या किटल्यांची खडखड सुरू झाली. आणि तेव्हा सुखदेव उठला. एकटाच. हात सरळ बाजूला, सातवीत उभा राहायचा तसा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसत नव्हता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. तो हलेना. आपण काय बघतो आहोत हे मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आम्हाला बसा म्हणणारा माणूस राहिला नव्हता.

मी पुढे गेलो. 

"सुखदेव," मी म्हणालो, "बस."

आणि तो बसला.