दसऱ्यानंतर बंद पडलेलं वाय-फाय

दसऱ्याला घरातली हत्यारं मी स्वतः पुसतो. पाने, पकडी, बायकोचं शिलाई मशीन, स्कूटर, सगळं. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवण्यात जन्म गेला, तेव्हा या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. दोन हजार आठच्या आसपास त्या रांगेत लॅपटॉपही आला. ओल्या फडक्यानं चारी कडा खसाखसा पुसल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही आमच्या घरची पद्धत.

दुसऱ्या दिवशी उघडला तर इंटरनेट गायब. राउटरचे दिवे लागलेले, पण लॅपटॉपला एकही नेटवर्क दिसेना. राउटर बंद-चालू केला, टीव्हीवरून उचलून खिडकीत ठेवला, लॅपटॉप तीनदा बंद करून पाहिला. मग इंटरनेटच्या कंपनीला फोन लावून आवाज चढवला.

संध्याकाळी त्यांचा माणूस आला. दिंडोरीकडचा, चाळिशीतला, शांत. त्यानं राउटरची वायर थेट लॅपटॉपला जोडली, तर इंटरनेट सुरू! वायर काढली की बंद.

"सर, बॉक्स ठीक हाय, लाइन बी ठीक हाय. लॅपटॉपमधीच कायतरी बंद झालंय. कुणी हात लावला व्हता का?"

"माझ्याशिवाय कोण लावणार? आणि मला मशीन शिकवू नका. तुमचं ते डबडं बदला आधी."

त्यानं डबडं बदललं, नवं परत टीव्हीवर ठेवलं. फरक शून्य. या जातीचा लॅपटॉप आपण पहिल्यांदाच बघतोय, उद्या माहितगाराला विचारून येतो, असं म्हणाला. दारात चपला घालता घालता थांबला.

"सर, लेखी तक्रार तेवढी करू नका. दिवाळीपासून मला पक्क्यावर घेणारेत. एक जरी तक्रार गेली तरी राहिलं बघा."

"मग काम नीट करायचं होतं," मी म्हणालो.

तो जिना उतरला आणि मी कागद घेतला. 'कर्मचाऱ्यास कामाची माहिती नाही, स्वतःचा दोष ग्राहकाच्या माथी मारतो.' अक्षर माझं चांगलं आहे. सकाळी स्वतः ऑफिसात नेऊन दिला आणि पोच घेतली. तो माणूस परत आला नाही. त्याला म्हणे घरोघरच्या कामावरून काढून गोदामात बसवलं होतं.

दोन आठवडे मी वायर लावून, टीव्हीपाशी जमिनीवर बसून काम केलं आणि रोज त्याला शिव्या घातल्या.

दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा लॅपटॉपच्या पुढच्या कडेला एका खाचेत कुंकू अडकलेलं दिसलं. जुन्या टूथब्रशनं काढायला गेलो तर खाचेतली नखाएवढी पट्टी सरकली आणि निळा दिवा लागला. दोन मिनिटांत वायरशिवाय इंटरनेट चालू. ते वाय-फायचं बटण होतं. पुसताना मीच बंद केलेलं. दरवर्षी नव्या पोरांना माझं पहिलं वाक्य असायचं, "आधी स्विच बघा रे गाढवांनो!"

बायकोला सांगितलं. ती हातातला झाडू टाकून म्हणाली, "अगबाई! म्हणजे त्या बिचाऱ्याचं काहीच नव्हतं! अहो जा आधी, सांगून या."

स्कूटर काढली आणि गेलो. खरंच सांगायलाच गेलो होतो. ऑफिसात नवी मॅनेजर आली होती. नाव ऐकताच ती उठून पाया पडली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी निघाली. "बाबा अजून सांगतात, सरांनी नुसता कान लावला की मशीनचं दुखणं कळायचं." दोघं-तिघं काम थांबवून बघायला लागले. चहा आला. त्या तक्रारीचं बोलायला आलोय, एवढंच मी म्हणालो.

"तक्रार मागे घेताय ना सर? मग बिघाड नेमका कशात होता तेवढं लिहून द्या. त्याशिवाय वरचे ऐकत नाहीत."

मी लिहिलं, 'जोडणी आता व्यवस्थित चालू आहे. तक्रार नाही.' खाली सही केली. तिनं वाचून पुन्हा विचारलं, "पण कशात होता?"

"कळलं नाही," मी म्हणालो. चहा सगळा प्यायलो. घरी बायकोला सांगितलं, झालं काम.

दिवाळीनंतर राउटर तपासायला दुसराच माणूस आला. पहिल्याचं काय झालं, मी विचारलं.

"त्याला नाही घेतलं, सर. आता द्राक्षाच्या बागेत फवारणीला जातो. चूक कुणाची ते कागदावर आलंच नाही ना. आलं असतं तर घेणार होते." त्यानं राउटर पुसून जागेवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याच घरचं होतं ना ते? काय निघालं होतं हो शेवटी?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मी त्या माणसासाठी पाणी आणायला आत गेलो.